ग्रॅनाइटवरचा उजेड

३ नोव्हेंबर
आजही शून्य.

काम सांगायला सोपं — केसाएवढ्या काचेच्या तंतूतून येणारा उजेड नखाएवढ्या चिपवर कोरलेल्या वाटेत शिरवायचा, आणि पलीकडच्या तंतूतून बाहेर काढून मोजायचा. पण तंतूतला उजेड त्या वाटेच्या वीसपट रुंद. परातीतलं दूध न सांडता शिशीत ओतायचं, त्यातला प्रकार. त्यात हा उजेड डोळ्यांना दिसतही नाही, मीटर सांगेल तेच खरं. आणि हे सगळं बालाघाटच्या कॉलेजात, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना. हौस माझी!

रीना म्हणाली, "मॅडम, ट्रक गेला का टेबल हालते." एम.एससी.ची मुलगी, किरनापूरहून बसनं येते. तिचं बरोबर आहे. पण मँगनीजचे ट्रक माझ्या संशोधनासाठी थांबायचे नाहीत.

६ नोव्हेंबर
वारासिवनीहून स्वयंपाकाच्या ओट्याला लावतात ती ग्रॅनाइटची फरशी आणवली. खाली स्कूटरच्या ट्यूबा फुगवून ठेवल्या. ट्रक गेले, टेबल ढिम्म.

गुणाकर बघायला आले. नवऱ्याचा टोमणा तयारच — "ओट्यावर पोळ्या लाटाच्या सोडून उजेड लाटून राह्यली का वं?"

११ नोव्हेंबर
आकडा आला! चांगला दणदणीत. मी खुर्चीतून उठले, मग पुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून परत बसले. रीनानं आलेख काढला. गप्पच होती. भारावली असणार.

१३ नोव्हेंबर
आमची प्रयोगशाळा कोणत्या मजल्यावर आहे हे प्राचार्यांना आज कळलं. "मैडम, आपने तो जिले का नाम रोशन कर दिया." सोबत पत्रकार. फोटोसाठी त्यांनी फरशीवर कोपर टेकलं आणि आकडा घसरला. फोटोत ते दिसणार नाही.

१५ नोव्हेंबर
छापून आलं — 'बालाघाट की मैडम ने पकड़ी रोशनी'. मी कुणाला पकडलेलं नाही. तरी दहा प्रती घेतल्या.

मराठी मंडळ पुढच्या रविवारी, तेवीसला, शाल-श्रीफळ देणार आहे. आणि त्यानंतरच्या मंगळवारी रीनाची बंगळुरूला पीएचडीची मुलाखत. हाच आलेख घेऊन जाणार. वडील लांजीच्या बसवर कंडक्टर आहेत. त्यांनी तिला सरळ सांगितलंय, निवड झाली तर शिक, नाही तर उन्हाळ्यात लग्न. मुलगाही बघून ठेवलाय.

२१ नोव्हेंबर
पुसायला म्हणून चिप काढली. मीटर चालूच होता. आकडा हलला नाही.

चिप माझ्या चिमट्यात, आणि उजेड पलीकडे पोचतोय! म्हणजे चिप थोडी खाली बसली होती. या तंतूतून निघालेला उजेड तिच्या डोक्यावरून सरळ त्या तंतूत जात होता. वाटेत शिरलाच नव्हता कधी. आम्ही इतके दिवस मोजली ती हवा.

मधली वस्तू काढून आधी मोजा — हे मी बी.एससी.च्या पोरांना पहिल्याच तासाला शिकवते. इतकी शरम आयुष्यात वाटली नव्हती.

चिप जागेवर ठेवली. खोलीत कुणी नव्हतं.

२२ नोव्हेंबर
रीनाला सांगितलं नाही. आता सांगून ती तिथे काय दाखवणार? रिकामे हात? मुलाखत होऊ दे, परतल्यावर सांगेन. हे तिच्या भल्यासाठीच आहे, असं आज मी स्वतःला दिवसभर सांगत होते. खरंच भल्याचं असतं तर एकदा सांगून भागलं असतं.

२३ नोव्हेंबर
शाल घेतली. भाषणात 'प्रकाशाला योग्य दिशा' असं काहीतरी बोलले. टाळ्या पडल्या. मंडळाच्या अध्यक्षांना प्रयोग फारच समजला, त्यांनी तो सर्वांना परत समजावला.

घरी गुणाकर म्हणाले, "तोंड काहून उतरलं वं तुहं?" नारळ जड होता म्हटलं.

रीना दुसऱ्या रांगेत होती. तिला रात्रीच निघायचं होतं, गोंदियाहून गाडी. जाताना पाया पडली. सांगायला म्हणून तोंड उघडलं, आणि विचारलं काय, तर डबा घेतलास का.

"हौ मॅडम."

२५ नोव्हेंबर
आज मुलाखत. दिवसभर फोन पालथा घालून ठेवला.

२७ नोव्हेंबर
रीनाचा फोन. निवड झाली.

आलेख दाखवला म्हणाली, आणि लगेच सांगून टाकलं की हा उजेड चिपमधून गेलेलाच नाही. तिनं बारा तारखेलाच चिप काढून बघितलं होतं. पुढची सगळी मुलाखत त्यावरच झाली. "तुम्ही लय खूश होत्या मॅडम, मले सांगता नाही आलं."

चूक कोणी पकडली, असंही तिथे विचारलं म्हणे.

"म्या सांगतलं, आमच्या मॅडमनं."