माझ्या मापाची बंदूक

मी, आर्डिथ टॅकेट, कै. हर्शेल टॅकेट यांची पत्नी, राहणार लॉरेल फोर्क, केंटकी, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वहस्ते लिहीत आहे. कुणाच्या दडपणाखाली नव्हे, तर सगळ्यांचे सल्ले ऐकून कान किटल्यावर. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

एक. घर, मागचा उतार व विहीर मुलगा डॅरेल आणि मुलगी नोरीन यांना समसमान. मात्र मी जिवंत असेतो घर माझे आणि मी त्यातच राहणार. हे लिहून द्यावे लागते याचाच मला वैताग आहे. नोरीन दर रविवारी फोनवर तेच म्हणते, "आई, घर विक आणि इकडे लेक्सिंग्टनला ये. एकटी आहेस, कुणी घुसलं तर काय करशील?" डॅरेल तिथे असला तर मागून ओरडतो, "घुसू दे की! बंदूक कशाला आहे?" मग दोघांची जुंपते आणि इकडे माझा घेवडा करपतो.

दोन. बँकेतल्या शिल्लकीतून आधी दफनाचा खर्च करावा. पेटी साधी घ्यावी. उरेल ते दोघांत वाटावे.

तीन. हर्शेलची अवजारे डॅरेलला. मोठी शिडी शोधू नये. ती चर्चने नेली आहे, आणि चर्चमधून शिडी परत आलेली मी पाहिलेली नाही.

चार. आता बंदूक. नळीखालची मूठ मागेपुढे ओढून काडतूस चढवायची, छऱ्यांची. हर्शेल खाणीवर जाई तेव्हा मी घरी एकटी, म्हणून त्याने खांद्याला टेकवायचा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता माझ्या आखूड हाताच्या मापाने कापला आणि मागे रबराची गादी बसवली. बस, एवढेच. तो गेल्यावर डॅरेलने तिला नटवायला घेतले. दर वाढदिवसाला काहीतरी नवीन: टॉर्च, काळा प्लास्टिकचा लांब दस्ता, बंदुकीच्या अंगावर काडतुसांची रांग, खांद्याचा पट्टा. मी म्हटले, "अरे, मला घर राखायचंय, लढाईवर जायचं नाही." तर म्हणतो, "अगं आई, आता सगळे असंच लावतात." नळीसुद्धा कापायला निघाला होता. बंदुका दुरुस्त करणाऱ्या एस्टिल नोबलने ओरडून थांबवले, नाहीतर आखूड नळीपायी कायद्याने चिरंजीवांनाच उचलले असते. शेवटी बंदूक इतकी जड झाली की उचलली की तिचे नाक जमिनीला, आणि मुठीपर्यंत माझा हातच पोचेना.

या ऑगस्टमध्ये तिन्हीसांजेला मागच्या ओसरीवर पावले वाजली. हाळी नाही. आमच्या खोऱ्यात माणूस अंगणाच्या टोकाला उभा राहून हाळी घालतो आणि आतून ओ आल्यावरच पायरी चढतो. टपालवालासुद्धा. मी बंदूक उचलली. पट्टा दाराच्या कडीत अडकला. मी ओढतेय, ओढतेय, आणि दार ढकलून डॅरेल आत! "आई, खायला काय आहे गं?"

शहरात राहून पोरगा हाळी विसरला. मी पट्टा कडीतून सोडवतेय आणि हा म्हणतो, "पट्टा चुकीच्या जागी लागलाय. दुसरा आणतो." नोरीनला कळले तेव्हा ती म्हणाली, "बघ, तुला ती उचलतही नाही. बांध सामान." पोरगा पट्ट्यामुळे वाचला, हे मला मान्य. पण माणूस ओळखणे हे पट्ट्याचे काम नव्हे. बाहेरच्याने हाक द्यावी आणि आतल्याने बघावे.

दुसऱ्या दिवशी मी बंदूक एस्टिलकडे नेली. तो म्हणाला, "आर्डिथबाई, हिच्यावर फक्त शेगडी बसवायची राहिलीय." त्याने सगळे उतरवून हर्शेलचा दस्ता पुन्हा चढवला. टॉर्च तेवढा मी बंदुकीवर राहू दिला, कारण समोर कोण आहे हे दिसल्याशिवाय चापाकडे बोट जाता कामा नये. उतरवलेले सामान पिठाच्या जुन्या डब्यात आहे. ते डॅरेलला, प्रेमाने.

पाच. बंदूक नोरीनला. डॅरेल चिडेल. चिडू दे. त्याचे हात बापासारखे लांब आहेत, नोरीनचे माझ्यासारखे. आणि घटस्फोटापासून नोरीनही एकटीच राहते. तिला कुणी सामान बांध म्हणत नाही. तिला बंदूक नको असल्यास कुलपात ठेवावी, पण दस्ता बदलू नये.

सहा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी नोरीनने करावी. ती कागद हरवत नाही.

सात. सह्या होण्यापूर्वी साक्षीदारांनी माझ्या आग्रहावरून पुढील गोष्ट पाहिली: बंदूक रिकामी असल्याची खात्री करून मी ती उभ्याने खांद्याला लावली, टॉर्च पेटवून भिंतीवर धरली आणि मूठ पुरती मागे, पुरती पुढे ओढली. कुणाचाही हात न लागता. मला या घरातून हलवण्याचा विषय जो काढील, त्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

सही: आर्डिथ टॅकेट

साक्षीदार:
१. एस्टिल नोबल. पाहिले.
२. ओपल फ्युगेट, शेजारीण. पाहिले. मी पुरे म्हणत असतानाही पुन्हा करून दाखवले.

स्थळ: लॉरेल फोर्क, केंटकी
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१४