हिराच्या जवळ्यावर माझं नाव

३ जुलै, गुरुवार
तारीख आधी लिही, सायली. मागल्या खेपेला पान भरलं आणि तारीखच राहिली. डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारी नात माझी, आणि विसरभोळी म्हणे मी! मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगते नि तू लिहितेस, पण ध्यानात सगळं राहतं. तोच तर त्रास हाय.
('हाय'च लिही. लगेच 'आहे' करू नको.)
आज हिने माझा खारातली कैरी घातलेला जवळा, ती बारीक सुकी कोळंबी, मोबाईलवरच्या स्वयंपाकाच्या ग्रुपवर टाकला. खिडकीशी ताट धरून फोटो काढला. वर लिहिलं, 'माझ्या आजीची खास रीत, आमच्या मोरवा गावच्या घरातली.' मला मोठ्याने वाचून दाखवलं. "बरोबर ना, आजी?"
मी म्हटलं, हो.

५ जुलै, शनिवार
बायांनी लाल बदामांचा पाऊस पाडलाय म्हणे. एकीची तक्रार, खारट झाला. खारट होणारच! सायलीने खाली 'मीठ चवीनुसार' लिहिलंय. मी सांगितलंच नव्हतं.
"आजी, मिठाशिवाय रेसिपी असते का कुठे?"
अगं, कैरी सहा महिने मिठाच्या पाण्यात मुरलेली. आणि दिवसभर मिठागरावर टोपल्या उचलणारी बाई जेवणात आणखी मीठ कशाला घालेल?
'बाई' म्हटलं आणि जीभ चावली. हिच्या लक्षात आलं नाही.
दुपारी कढई घासायला घेतली तर सिंकच्या बाजूला, खाली, हिरा बसलेली. हिरवं लुगडं, गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पाठ माझ्याकडे.
कोण हिरा, म्हणतेस? माझी मिठागरावरची जोडीदारीण. जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. भूत न्हाय गं, भुताला एवढ्या वर यायला लिफ्ट लागते. बसली होती, एवढंच लिही.

९ जुलै, बुधवार
सायलीचा आवाज चढलेला. कुणा बाईने हिची रेसिपी शब्दन् शब्द उचलली, फोटोसकट, आणि स्वतःच्या नावाने दुसरीकडे लावली.
"चोरी आहे ही, आजी! सरळ चोरी!"
"जवळ्याची कसली चोरी? सगळा गाव करतो."
"कृती कोणीही करावी. पण शब्द माझे, फोटो माझा. तो मला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. आणि ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव लिहायचं. ग्रुपचा नियमच आहे."
ग्रुपवाल्या ताईने त्या बाईला समज दिली, बाईने माफी मागून काढून टाकलं. सायली खूश. पोहे केले, दोनदा घेतले.
मला गेले नाहीत. हिरा आज ओट्याला टेकून होती. पाठच. खांदे हलत होते. हसत होती की काय, पुढून बघायची हिंमत झाली नाही. मी आपली म्हटलं, बस बाई, इथे धूर नाही, डोळे चुरचुरायचे नाहीत.

१० जुलै, गुरुवार
फोटोखाली कुणीतरी लिहिलंय. सायलीने वाचलं, मी दोनदा वाचायला लावलं.
'माझी आई मोरव्याची. असाच करायची. मी सात वर्षांची असताना गेली. पण कैरी ती कांद्याबरोबर घालायची नाही, एवढं आठवतं. कधी घालायची ते आठवत नाही, म्हणून मला कधी जमला नाही. तुमच्या आजी कुणाकडून शिकल्या? मंगला, जेसल पार्क.'
"काय उत्तर देऊ, आजी?"
मोबाईल ठेव म्हटलं. भाजी जळते.
भाजी चढवलीच नव्हती.

१४ जुलै, सोमवार
चार दिवस काही लिहू दिलं नाही. आज लिही, आणि मध्ये थांबू नको.
मंगला म्हणजे मनी. हिराची लेक. जवळा हिराचा. तिच्या हातची ती रीत तिने कुणालाच दाखवली नव्हती. कैरी टाकताना आम्हा सगळ्यांकडे पाठ करून बसायची. आम्ही चिडवायचो, सोनं टाकतेस काय गं? आजारात उठवेना तेव्हा तिच्या चुलीपाशी मी बसले. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिथूनच म्हणाली, "पारू, आता कैरी नको. चुलीवरनं उतरव, मंग टाक, झाकण ठेव. मनी मोठी झाली का तिला सांग."
पेन थांबलं तुझं. लिही म्हणते ना.
मनीला तिची मामी घेऊन गेली. पुढे लग्न होऊन स्टेशनच्या पूर्वेला आली, जेसल पार्कात. रिक्षाने किती वेळ लागतो, तुला माहीत. बाजारात भेटायची, पाया पडायची. पण तोवर जवळा 'पारूचा' झाला होता. हळदीला, बारशाला, पारूचा जवळा. आज सांगू, उद्या सांगू. मग सांगायची लाज वाटायला लागली.
आणि ग्रुपवर तुला मी कैरी कांद्याबरोबर सांगितली. मुद्दाम. नाव माझं घेतलं आणि रीत खोटी दिली. वाचता येत नाही, म्हणून मला काय कळणार, असं म्हणायची सोय होती. पण तू वाचून दाखवलं होतंस.
(सायली उठून गेली. परत आली. डोळे पुसून म्हणते, "पुढे सांग." पुढे काही नाही.)

१९ जुलै, शनिवार
सायली चार दिवस कामापुरतंच बोलली. आज म्हणाली, "हिराबाईंचं नाव टाकून दुरुस्त करते."
म्हटलं, थांब. आधी मी विचारलं नाही, आता तूही विचारणार नाहीस? लेक जिवंत आहे. ती सांगेल आईचं नाव लावायचं की नाही.
ग्रुपवरून काढून टाकलं. ताईला कारण कळवलं. मग मनीसाठी मोबाईलमध्ये बोलले. सगळं. कैरी कधी, झाकण किती वेळ, आई भिंतीकडे बघत काय म्हणाली. मध्ये आवाज गेला, सायली म्हणाली परत बोलू. नको म्हटलं, आहे तसं जाऊ दे.
ऐकल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.
दुपारभर हिराचा सिंकजवळचा कोपरा रिकामा. मला ते बरं वाटलं नाही.

२१ जुलै, सोमवार
मनीचं उत्तर. सायलीने अगदी हळू वाचलं.
'ऐकलं, पारूमावशी. आईचा आवाज विसरले होते, तुमच्या बोलण्यात थोडा आला. नावाचं मला आत्ता विचारू नका. घरीही येऊ नका.'
एवढंच. 'मावशी' म्हटलं, ते मोजायचं की 'येऊ नका' ते, कळेना. सायली म्हणते दोन्ही.
आज जेवताना हिरा दिसली. पाठ होतीच, पण मान जरा वळलेली. कान दिसला, कानातली कुडी दिसली.

२३ जुलै, बुधवार
उद्या अमावास्या, परवा श्रावण. मग महिनाभर मनीच्या घरी जवळा शिजायचा नाही, म्हणून आजच जा, सायली. मी येत नाही, तिने नको म्हटलंय. तू दारात उभी राहा, आत बोलावलं तरच जा. नाही उघडलं तर वॉचमनपाशी ठेव.
शिजवलेलं काही नेऊ नको. जवळा नीट निवडून ने, कोरा. खारातल्या चार कैऱ्या, पाण्यासकट, काचेच्या बरणीत. लसणाचा एक गड्डा. माझा मसाला अजिबात घालू नको पिशवीत, तो माझ्या हातचा आहे, तिने तिच्या घरातला वापरावा. भाकरीला तांदळाचं पीठ दे, नवीन दळलेलं. थोडं जास्तच दे.