सहा नंबरची थप्पी

३ मे, होटगी
आले एकदाची! बीएस्सी ॲग्री होऊन दोन वर्षं घरी माशा मारल्या, आता चनबसप्पांच्या खतदुकानात नोकरी. खरं तर नोकरी माझ्या सर्टिफिकेटला लागलीय. परवान्यासाठी कृषी पदवीधर लागतो, म्हणून ते फ्रेम करून गल्ल्यामागे देवांच्या तसबिरींशेजारी टांगलं; खाली पाटी, ‘जबाबदार व्यक्ती: सिद्धेश्वरी’. मालकीणबाई सावित्रम्मांनी देवांबरोबर त्यालाही हार घातला, मला हसू आवरेना. मालकांना सगळे अप्पा म्हणतात, मीही. ते मला ‘मगळे’ म्हणतात, म्हणजे लेकी. खोली गोदामालाच लागून. जेवण त्यांच्या घरचं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

५ मे
गोदाम पाहिलं. सहा नंबरच्या थप्पीत नायट्रेट खत, आणि ओल लागू नये म्हणून खाली लाकडाचा भुसा! ही दोन्ही एकत्र आली की आतून तापत जातात, पेटायला काडीसुद्धा लागत नाही. अप्पांना सांगितलं, भुसा काढा, प्लॅस्टिकचे पॅलेट घाला, भिंतीपासून हातभर जागा सोडा. म्हणाले, करू की मगळे, लेकीचं ऐकायचं न्हाय तर कुणाचं? मी थप्पीत थर्मामीटर खोचला. ३८ अंश. रोज इथेच लिहीन.

९ मे
४६. भुसा तसाच. हमाल कुंडलिक म्हणाला, ताई, पोत्याला हात लावून बगा की, लई गरम हाय. अप्पा म्हणाले, सोलापूरचं ऊन हाय, माणूसबी तापतो. हसले. मीही हसले, उगाच.

११ मे
५८. तपासणीची वही पाहिली. रोज ‘थप्पी सुरक्षित’ आणि खाली माझी सही. मी केलेली नाही. पुढच्या तारखांवरही आहे, चौदापर्यंत. पंधरापासून पानं कोरी. विचारलं तर म्हणाले, तुझा तरास वाचवला. संताप आला. कृषी अधिकाऱ्यांना अर्ज देणार, हे तोंडावर सांगून आले.

१३ मे
६९. डोळे चुरचुरतात. अप्पा नरमले. उद्या सकाळी हमाल लावून भुसा काढू, तू आत उभी राहून दाखव, म्हणाले. बरं वाटलं. मनाने वाईट नाहीत.

१४ मे, सकाळ
दुकानात देवांच्या तसबिरी नाहीत. वहीही नाही, गोदामाच्या विम्याचे कागदही नाहीत. धुवायला, पुसायला काढल्या असतील — माझी फ्रेम तेवढी आहे, वाळल्या हारासकट.
आत आले. हमाल एकही नाही. शटर पडलं. वाऱ्याने असेल —

८३. फोन खोलीत. तपकिरी धूर. हाका मारल्या, अप्पा, मी आत आहे. बाहेर पावलं थांबली. ऐकलं त्यांनी. मग कुलूप —

गाडी सुरू झाली. देव नेले. वही नेली, माझ्या सह्यांची. उद्या विचारतील, जबाबदार कोण —

मी अप्पा म्हणत होते त्यांना. मनापासून —

९६. खालची पोती काळी प