किल्ल्याची लिफ्ट मागच्या बाजूला आहे

चँडलर, ९ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

आधी कामाचं सांगते. मालागाचा किल्ला दिसला की तुमचे पाय आपोआप चढाला लागतील, हे मला इथे बसून दिसतंय. चढायचं नाही. किल्ल्याच्या मागच्या बाजूला, रस्त्यालगत लिफ्ट आहे. वर लिफ्टनं जायचं, उतरताना हवं तर चालत या, तेही आईचा हात धरून. डिसेंबरात हृदयाची झडप बदलायची असताना, मी रायगड तीनदा चढलोय, हे तिथल्या लोकांना ऐकवून उपयोग नाही. त्यांना रायगड ठाऊक नाही. आणि गोळ्यांची डबी आईच्या पर्समध्येच राहू द्या. तुमच्या खिशातून आजवर काय काय हरवलंय, त्याच्या यादीला वेगळं पत्र लागेल.

मी तिथे गेले त्याला अकरा वर्षं झाली. ॲन आर्बरला शिकत होते. फेब्रुवारीत बसस्टॉपपर्यंत जाताना नाक आहे की गळून पडलं, ते चाचपून बघावं लागायचं. प्रोफेसरांनी परिषदेला पाठवलं, आणि विमानातून उतरले तर लख्ख ऊन, समुद्र, आणि रस्त्याच्या कडेला संत्र्यांनी लगडलेली झाडं. कोणी तोडत कसं नाही, म्हणून मी एक तोडलं नि फोड तोंडात टाकली. कडूजहर! समोरच्या बाकावरून दोन आज्या बघत होत्या, थुंकायची लाज वाटली, गिळलं. तेव्हा तुम्ही तोडू नका. (तोडालच.) तिथल्या कॅथीड्रलचा एकच मनोरा पुरा झालाय, दुसरा राहिला तो राहिलाच. गावातले लोक त्याला लाडानं एका हाताची बाई म्हणतात. आणि किल्ल्याच्या पायथ्याशी ते रोमन नाट्यगृह. शेकडो वर्षं मातीखाली होतं आणि वर लोक खुशाल नांदत होते. मी पायऱ्यांवर बसले आणि वाटलं, इथे बाबा हवे होते. त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलं. निवृत्त झाला होतात, तरी तुम्ही ते शाळेत दहावीच्या वर्गात नेलंत आणि ‘माझ्या मुलीनं शतक चुकीचं लिहिलंय’ म्हणून फळ्यावर दुरुस्त केलंत.

म्हणूनच तुमचा अमेरिकेचा व्हिसा दुसऱ्यांदा नाकारला तेव्हा मला मालागा सुचलं. सप्टेंबरपर्यंत माझे इथे राहायचे कागद होतील, असं वकीलबाई म्हणाली होती. मग कुठेतरी मध्यावर भेटू, तुमची पंचाहत्तरी करू. पाच वर्षं झाली बाबा. तुमची नात आन्या चार वर्षांची होती, ती नऊची झाली. ऑपरेशनच्या आधी मला तुम्हाला एकदा डोळे भरून बघायचं होतं. हे मी फोनवर कधी बोलले नाही, कारण तुम्ही ते हसण्यावारी नेलं असतंत.

सप्टेंबर संपला. रोज सकाळी कामावर जायच्या आधी वेबसाइट उघडते आणि तेच एक वाक्य वाचते, अर्ज विचाराधीन आहे. आमच्या चिपच्या कारखान्यात धुळीचा कण चालत नाही, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून उभी असते, आणि झग्याच्या आत जीव टांगणीला. माझ्याच टीममधली स्वानंदी भावाच्या लग्नाला नागपूरला गेली, ती परतीच्या व्हिसासाठी आठ महिने तिकडेच अडकलीय. तिचं दोन वर्षांचं पोर इथे. ऋषी म्हणतो, जाऊन ये, पुढचं पुढे बघू. पण त्याचं इथलं राहणं माझ्याच कागदांवर आहे, आणि तो धीर मला देतोय की स्वतःला, ते कळत नाही. वकीलबाई मात्र एकच सांगते: बाहेर गेलीस तर परत कधी येशील, ते मला विचारू नकोस.

या सगळ्यात मला मी कराडहून निघाले तो दिवस आठवतो. विमान नेमकं अमावास्येचं. आईनं दोन दिवस आधी, मुहूर्तावर प्रस्थान ठेवायचं काढलं. तुम्ही जन्मभर वर्गात पंचांगाची थट्टा करणारे. तरी माझा एक ड्रेस, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड असं बांधून ती पिशवी तुम्हीच गिरिजाकाकूंकडे नेऊन ठेवलीत. सामान पुढे गेलं की माणूस निघालं असं धरायचं, आणि जाताना ते उचलायचं. आणि मी वेंधळी! कोल्हापूर नाक्यावर बसमध्ये चढल्यावर आठवलं, पिशवी काकूंकडेच. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि तुम्ही स्कूटर पिटाळलीत. शेवटी नाक्यापलीकडे स्कूटर टाकून धावत आलात आणि पिशवी खिडकीतून आत दिलीत. धाप लागलेली असताना एवढंच म्हणालात, की प्रस्थान ठेवलेल्या माणसाला जावंच लागतं.

आता खरं सांगते. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा आन्या तुमच्यासमोर उभी असेल आणि शेजारी तुमची भाची उल्का. ती फ्रिस्कोहून आन्याला न्यायला आली. दोघींचे पासपोर्ट इथले, त्यांना कोणी अडवत नाही. त्यांच्या मागे दाराकडे बघू नका, बाबा. मी आलेली नाही. घाबरले आणि थांबले. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही तिकिटं कॅन्सल करून कराडातच बसला असतात, म्हणून येतेय येतेय म्हणत खोटं बोलले. आईला माहीत होतं, तिच्यावर चिडू नका. जन्मात पहिल्यांदा तिच्या पोटात काही राहिलंय. आन्या लाजेल, इंग्रजीत उत्तरं देईल. तिला नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसवा आणि सगळं मराठीतच सांगा, तिला कळतं. तिच्या निळ्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात एक पिशवी आहे. तांदूळ, सुपारी, हळकुंड, आणि ड्रेस मावेना म्हणून माझी ओढणी. ती कराडला न्या आणि गिरिजाकाकूंकडे ठेवा. रीत उलटी झाली, पण चालवून घ्या. कागद येतील तेव्हा येतील, मी निघालेय असं धरा. ती पिशवी उचलायला मला यायचंय, आणि तुम्ही नवी झडप घेऊन नाक्यावर उभे राहायचंय. या वेळी धावायचं मात्र नाही.

तुमचीच वेंधळी,
चैत्राली