सात नंबरची हवा

३ मार्च, मंगळवार

सात नंबरच्या श्वसन-सेटमध्ये हवा अडीचशे बार! काल संध्याकाळी मीच तीनशेला भरून ठेवला होता. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय. गळती तपासली. सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. झडप बंद करून दहा मिनिटं गेजसमोर बसले. काटा जागचा हलला नाही.

म्हणजे हवा आपणहून गेलेली नाही. कुणीतरी वापरली.

ड्रायव्हर म्हणाला, "मीटर, काल घाईत असशील. माणूस आहेस की नाही?" मी घाईत नव्हते. आणि इथे सगळे मला मीटर म्हणतात ते उगाच नाही.

परत भरून ठेवला. वहीत लाल शाईने नोंद केली. हीच हवा पाठीवर घेऊन आमची फायर स्टेशनची माणसं धुरात शिरतात. पन्नास बार म्हणजे गंमत नाही.

४ मार्च

तीनशे.

६ मार्च, शुक्रवार

पुन्हा अडीचशे. पुन्हा फक्त सात नंबर. तो जादाचा सेट आहे, कुणाच्या नावावर नाही. ज्याला हे माहीत आहे त्यानेच केलंय.

आजच वार्षिक तपासणीचं पत्रक फळ्यावर लागलं. सव्वीस तारीख. यंदा फॉर्म नवा आहे. प्रश्न क्रमांक चौदा: मेंदू, वर्तन किंवा स्वभाव यासंबंधी कधी कोणतं निदान झालं आहे का?

भरतीच्या वेळी एवढंच विचारलं होतं – काही आजार आहे का? मी 'नाही' लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं होतं, अ‍ॅस्परगर हा आजार नाही, मेंदूची ठेवणच वेगळी असते. मग 'नाही' हे उत्तर बरोबरच होतं. ताई म्हणाली होती, "झालं तर मग. जेवढं विचारतील तेवढंच सांग." आता नेमकं तेच विचारलंय. कुणी घातला असेल हा प्रश्न? आणि यंदाच का?

बाईंचा तो निदानाचा कागद माझ्या कपाटात, जुन्या हातमोज्यांखाली पाकिटात असतो. ठेवल्यापासून आज पहिल्यांदा काढून पाहिला. मी कागदाची घडी नेहमी तीन पदरी घालते. ही चार पदरी आहे.

कुणीतरी वाचलाय.

७ मार्च

झोप नाही. संशयितांची यादी केली.

साहेब – स्टेशन त्यांचं. सात नंबरची हवा मुद्दाम कमी करून माझी परीक्षा घेत असतील. पकडते का, घाबरते का, चिडते का. मग चौदा नंबरच्या प्रश्नापुढे काय लिहायचं ते तेच ठरवतील.

ड्रायव्हर – थट्टेखोर. पण आळशी. आठवड्यात दोनदा लवकर उठून खोडी काढणं त्याच्याच्याने व्हायचं नाही.

जिराफ – नवा फायरमन, उंच, हसरा. मला घाबरतो. घाबरणारा माणूस काहीही करू शकतो.

मामा – सगळ्यात जुने, सगळ्यांचेच मामा. ते कशाला करतील? पण दोन महिने झाले, येता-जाता माझ्या बोर्डाजवळच्या खुर्चीत येऊन बसतात – धुरात कोण, कधी, किती हवेनिशी गेलं हे मी मांडते तो बोर्ड. आधी बसत नव्हते. माझ्यासाठी चहा आणतात. बोलत काही नाहीत, नुसते बसतात. कशासाठी?

१० मार्च, मंगळवार

काल निघताना सात नंबरच्या पट्ट्याला बारीक दोरा बांधला होता. आज तुटलेला. हवा अडीचशे.

मंगळवार आणि शुक्रवार. बाकी वारी काही नाही. ज्याने कुणी केलं तो वेळापत्रक पाळणारा आहे. ही गोष्ट मला आवडली, आणि आवडली म्हणून स्वतःचाच राग आला.

ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तुला सगळीकडे चोरच दिसतात." मग म्हणाली, "ही नोकरी सोडू नकोस गं." मला कुठे सोडायची आहे? बँकेत चार महिने टिकले. पुस्तकांच्या दुकानात सहा आठवडे. तिथे लोक म्हणायचे, "जरा बघून घे ना." काय बघायचं, किती बघायचं, कुणी सांगत नसे. इथे म्हणतात, "दोन नंबरची झडप, अर्धा फेरा उघड." मी अर्धा फेरा उघडते. काम होतं. सायरनचा मला त्रास होत नाही, तो वाजणार हे ठरलेलंच असतं. जेवणाच्या खोलीत ताटल्यांवर चमचे आपटतात त्याचा होतो, म्हणून मी अंगणात जेवते. पहिल्या दिवशी सगळ्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून कुणी बघितलं नाही.

मला दुसरीकडे कुठेही जागा नाही. हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. मोजून लिहिते आहे.

१३ मार्च, शुक्रवार

आमची पाळी सातला. मी पावणेसहालाच येऊन पाइपांच्या रॅकमागे उभी राहिले.

सहा वाजून आठ मिनिटांनी मामा आले. सात नंबर पाठीवर चढवला, मुखवटा लावला आणि मागच्या अंगणातल्या सरावाच्या मनोऱ्यावर चढायला लागले. सहा-अकराला पहिली पायरी. मला वाटलं पाचव्या मजल्यापर्यंत जातील, आम्ही सगळे जातो. ते तिसऱ्यावर थांबले. कठड्याला धरून खाली बसले. सहा-पंधराला मुखवटा काढला. बराच वेळ बसून होते. मग उतरले, मुखवटा पुसला, सेट होता तसा टांगला आणि आत जाऊन चहा ठेवला.

सातला माझा कप घेऊन आले. "आज लवकर वाटतं?"

मी म्हटलं, "हो."

म्हणजे मामाच. साहेबांनी पाठवलेले? मुद्दाम माझ्याच तपासणीच्या आधी?

१४ मार्च

नाही. साहेबांचा काही संबंध नाही. रात्रभर वेड्यासारखा नको तो विचार केला, साधा हिशेब केलाच नाही.

चार मिनिटं. पन्नास बार. सिलिंडर सहा लिटरचा, म्हणजे चार मिनिटांत तीनशे लिटर. मिनिटाला पंचाहत्तर! बोर्डावर मी प्रत्येकाला मिनिटाला चाळीस धरते. तोच नियम आहे. त्या हिशेबाने भरल्या सिलिंडरची हवा संपत आल्याची शिट्टी छत्तीसाव्या मिनिटाला वाजते. शिट्टी वाजायच्या आत माणूस बाहेर हवा. मामांची शिट्टी एकोणिसाव्या मिनिटाला वाजेल.

त्यांची छाती गेली आहे. ते चोरून स्वतःलाच तपासून बघतायत, अजून जमतं का. खुर्चीत येऊन बसतात ते माझ्यावर लक्ष ठेवायला नाही. उभं राहवत नाही म्हणून.

आणि माझा बोर्ड मामांच्या नावापुढे किती दिवस खोटं सांगतोय, देव जाणे.

१५ मार्च

पण मग कागद? कागद कुणी वाचला?

१९ मार्च, गुरुवार

दुपारी गाद्यांचं गोदाम. काळा, दाट धूर. मामा आणि जिराफ जोडीने आत गेले. मी दोघांच्या नावाच्या पट्ट्या घेतल्या, बोर्डावर लावल्या, वेळ टाकली. दोन-एकवीस.

दहाव्या मिनिटाला रेडिओवर हवा विचारली. जिराफ म्हणाला, "दोनशे पंचवीस." मामा म्हणाले, "दोनशे वीस." आवाजात जराही फरक नाही. माझ्या हिशेबाने त्यांच्याकडे पावणेदोनशे होते.

चौदाव्या मिनिटाला मी दोघांना बाहेर बोलावलं. जिराफ ओरडला, "आत्ता कुठे आगीला पाणी लागायला लागलंय!" मी तीनदा तेच सांगितलं. बाहेर. बाहेर. बाहेर.

एकोणिसाव्या मिनिटाला आले. जिराफचं गेज एकशे साठ. मामा गेज अंगाआड धरून पुढे निघाले होते, मी हात धरून वळवलं. साठ. पंचावन्नला शिट्टी. मुखवट्याच्या आत त्यांचं तोंड राखेच्या रंगाचं झालं होतं.

दुसरी जोडी आत जाईपर्यंत गोदामाची डावी बाजू हातची गेली. साहेब संतापले. "छत्तीसऐवजी चौदा? काय कारण?"

मी मामांकडे पाहिलं. ते वाकून बूट सैल करत होते.

मी म्हणाले, "वेळ टाकताना चूक झाली." आणि बोर्डाच्या वहीत मामांच्या नावापुढे एकशे पन्नास लिहिलं. सव्वा वर्षात पहिल्यांदा त्या वहीत खोटा आकडा.

२० मार्च

आज सात नंबर पूर्ण तीनशे. शुक्रवार असून!

पाइप धुताना मामा शेजारी येऊन बसले. "तुला ठाऊक आहे ना, मीटर?"

"हो."

"कधीपासून?"

"तेरा तारखेपासून."

ते हसले आणि खोकले. मग म्हणाले, "निवृत्तीला अकरा महिने राहिलेत. निघतील तेवढे." मी म्हटलं, नाही निघणार, आणि आकडे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "प्रत्येकाचं काहीतरी असतंच गं. तुझं नाही का?"

कागद त्यांनीच वाचलाय.

२१ मार्च

या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक: सगळ्यांचंच असं असतं, वाईट वाटून घेऊ नकोस. दोन: तू माझं सांगितलंस तर मी तुझं सांगेन. कोणता खरा, ते त्यांच्या तोंडावरून मला कळलं नाही. मला तोंडं वाचता येत नाहीत. आवाज साधाच होता. पण रेडिओवर 'दोनशे वीस' म्हणालेसुद्धा त्याच आवाजात!

ताई म्हणाली, "अगं, तुला चहा आणून देणारा माणूस तो." पण चहा दोन महिन्यांपासूनच आणतात. दम लागायला लागल्यापासून. हा चहा आहे की लाच? मी आता तो पीत नाही. झाडाच्या मुळाशी ओतते.

ताईचं शेवटचं वाक्य – "गप्प बस. त्याचं तो बघेल, तू तुझी नोकरी सांभाळ."

२३ मार्च

मामांनी रिकामा कप घेतला, झाडाखालची ओली माती बघितली, कप परत नेला. आज भरून आणला नाही. मला वाईट वाटलं. का, ते कळत नाही.

२५ मार्च

ताईचं बरोबर आहे असं दिवसभर स्वतःला बजावलं. मी गप्प बसले तर दोघांच्या नोकऱ्या टिकतात. बोलले तर दोघांच्या जातात. इतकं सोपं गणित.

फक्त त्यात जिराफ धरलेला नाही. मामा आत कोसळले तर तो त्यांना टाकून बाहेर येणार नाही. त्यांना ओढत बसेल. ओढणाऱ्याची हवाही दुप्पट वेगाने संपते. त्याची आई परवा फाटकाशी त्याचा डबा घेऊन आली होती. मला म्हणाली, "तुम्ही बोर्डावर असता ना? मग मला काळजी नाही."

२६ मार्च, गुरुवार

चौदा नंबरच्या प्रश्नापुढे 'हो' लिहिलं. खाली नाव, वर्ष, डॉक्टरीणबाईंचा पत्ता. अक्षर नीट आलं.

मग तशीच साहेबांच्या खोलीत गेले. "बस," म्हणाले. मी बसले नाही. आधी माझं सांगितलं. मामांनी सांगायच्या आत माझ्याच तोंडून जावं म्हणून. मग मामांचं. पंचाहत्तर, एकोणीस, साठ. एकोणीस तारखेची वही उघडून तो खोटा आकडा दाखवला आणि म्हटलं, हा माझा.

साहेब म्हणाले, "घरी जा. उद्या बोलू."

घरी जा याचा अर्थ मला माहीत आहे. बँकेतही असंच म्हणाले होते.

कपाट रिकामं करत होते तेव्हा मामा दारात आले. "झालं सांगून?"

"हो. तुमचंही सांगितलं."

त्यांनी मान हलवली आणि गेले. रागावून की कसे, मला कळलं नाही. मला खूप भीती वाटते आहे.

२७ मार्च, शुक्रवार

नोकरी गेली नाही. साहेब म्हणाले, "तुझं मला वर्षभरापासून माहीत आहे." मी विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाले, मामांनी. गेल्या वर्षी रंगकामासाठी कपाटं हलवली, तेव्हा पाकीट खाली पडलं. मामांनी कागद वाचला आणि तडक साहेबांकडे आले. तेव्हा बोर्डावर कुणाला बसवायचं यावर वाद चालला होता. मामा म्हणाले, "या कागदातलं मला काही कळत नाही. पण बोर्ड या पोरीला द्या. ही कुणालाही सूट द्यायची नाही. उद्या मी हट्टाला पेटलो तर मलासुद्धा नाही."

मी मामांना शोधायला बाहेर धावले. ते सकाळीच निवृत्तीच्या अर्जावर सही करून, गणवेश जमा करून निघून गेले होते. मी अंगणात उभी राहून रडले, सगळ्यांसमोर.