पोलादावर न धरलेलं हाड

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या फोटोला मी कधी हात जोडले नाहीत, आजही जोडणार नाही. तुम्ही बेळगावात हाडांचे मोठे डॉक्टर होता, प्रयोगशाळेत माझे मार्गदर्शक होता, आणि माझ्या वडिलांच्या मांडीत पोलादी पट्टी तुम्हीच बसवली होती. मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि आता तुम्हाला मध्येच उठून जाता येणार नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचे अण्णा वडगावात हातमागावर साड्या विणायचे. शहापूरला सूत आणायला जाताना सायकलवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन तुम्ही चांगलं केलंत, त्यात मी खोट काढणार नाही. घरी सोडताना तुम्ही दुखण्यावरची नेहमीची गोळी लिहून दिलीत, दिवसातून तीनदा, दुखेल तोवर. दुखणं थांबेना, म्हणून गोळीही थांबेना. महिन्यामागून महिने गेले, तरी एक्स-रेत हाडातली फट तशीच. मी कॉलेजातून आले की अण्णा भिंतीला टेकून बसलेले असतात, हात पुढे करतात. "लई ठणकतंय गं. गोळी दे बघू." मी देते.

त्याच दिवसांत तुम्ही मला काम दिलं होतं. पट्टीच्याच पोलादाच्या बारक्या चकत्या काचेच्या बशांत ठेवायच्या, अंड्यातल्या पिल्लाच्या हाडातून काढलेल्या पेशी त्यांवर सोडायच्या आणि कुठल्या चकतीवर त्या चांगल्या वाढतात ते मोजायचं. एकदा मी माझ्या मनानं काही बशांत अण्णांच्या गोळीतलं औषध घातलं. आठवड्यानं पाहिलं तर साध्या बशांत पेशींची दाटी झालेली, आणि औषधाच्या बशांत त्या विरळ, इथे चार तिथे चार. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मग वही घेऊन तुमच्यापुढे उभी राहिले.

"तू बशा नीट धुतल्या नसशील," तुम्ही म्हणालात.

"तीन वेळा करून बघितलं, सर. अण्णांची गोळी थोडे दिवस बंद करून बघू या का?"

तुम्ही वही मिटलीत आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "सुताच्या गुंड्या मोजणाऱ्या घरातून आलीस. पेशी मोजायला अजून वेळ लागेल." सगळे हसले. वही तुमच्या कपाटात गेली, ती मला परत मिळाली नाही. त्या संध्याकाळीही मी अण्णांना गोळी दिली, कारण तुमच्या त्या एका वाक्यानं माझं मोजणं मलाच खोटं वाटायला लागलं होतं. पुढे पट्टी तुटली, दुसरं ऑपरेशन झालं, पाय आखूड झाला. माग विकून टाकला. त्यानंतर अण्णा दारातल्या कट्ट्यावर बसून दुसऱ्यांच्या मागांचे आवाज ऐकायचे. तसेच गेले.

सात-आठ वर्षांनी तुम्ही न्हाणीघरात घसरलात. खुब्याजवळ हाड मोडलं, तुमच्याच एका विद्यार्थ्यानं पोलाद बसवलं. मी तुमच्या हिंडलगा रोडच्या घरी बघायला आले. तुम्ही चादर मुठीत आवळून पडला होता, कपाळावर घाम होता. तुमच्या पत्नी, आमच्या बाई, मला म्हणाल्या, "तू तरी सांग गं यांना. एक गोळी घेत नाहीत. हाड धरेपर्यंत नको म्हणतात."

"का, सर?" मी विचारलं.

तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. "तुझ्या वहीत होतं ना."

"मग अण्णांना का नाही सांगितलंत?"

"तेव्हा खात्री नव्हती."

"आणि आता?"

तुम्ही चादर गळ्यापर्यंत ओढून घेतलीत. चार महिन्यांनी तुम्ही काठी न घेता कॉलेजच्या पायऱ्या चढलात. मी वरून बघत होते. तुमचा पाय पुन्हा मोडावा, असं मला मनापासून वाटलं.

तुम्ही गेलात तेव्हा निपाणीला, तुमच्या गावी, शोकसभा झाली. विद्यार्थिनी म्हणून मला बोलायला बोलावलं आणि मी सगळं सांगितलं. चकत्या, वही, अण्णा, तुमच्या मुठीतली चादर. तुमचा मुलगा उठून बाहेर गेला. बाई मान खाली घालून बसल्या होत्या. कोणीतरी माइक बंद केला, तेव्हा उरलेलं मी मोठ्यानं सांगितलं. नंतर स्टँडवर मी दोन प्लेट भजी खाल्ली. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिते. त्या बशांत मी घातलेलं औषध माणसाच्या रक्तात पोचतं त्याहून जास्त होतं. मला ते तेव्हाही माहीत होतं. आणि पायावर तीन महिने भार द्यायचा नाही, असं तुम्ही बजावलं असताना दुसऱ्याच महिन्यात अण्णा बेळगुंदीला धाकट्या आत्याच्या लग्नाला गेले. "भैनीचं लगीन, आन् मी पडून ऱ्हाऊ व्हय?" म्हणाले. अख्खा दिवस माझा हात धरून ते त्या पायावर उभे होते. परत येताना म्हणाले, "डॉक्टरास्नी सांगू नगंस." मी तुम्हाला सांगितलं नाही, आणि निपाणीच्या सभेतही सांगितलं नाही.