जेवायला बोलावणारी

ती. आई,

तुला धाकटीचा वाकून नमस्कार.

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. शिवणकामाच्या कारखान्यात आम्ही एकत्र जेवायचो, ते इस्त्रीवाल्या ताईंच्या भांडखोरपणामुळे मोडलं, असं म्हटलं होतं. ते खरं नाही. त्या तर पहिल्या दिवसापासून भांडतात, आणि भांडता भांडता दुसरीच्या डब्यातली भाजीही संपवतात.

बटणं लावणाऱ्या मावशींना वरच्या मजल्यावर पाठवलं, हे खरं कारण. त्या रोज दुपारी ओरडायच्या, "अगं बायांनो, पोटं घरी ठेवून आलात का?" मग सगळ्या कापड बेतायच्या टेबलाभोवती जमायचो. आता कोणी बोलावत नाही, म्हणून जी ती आपल्या मशीनपाशी बसून जेवते. कोणाचं कोणाशी वाकडं नाही, तरी बोलणं आटलं. शेजारच्या मशीनवरची तापाने फणफणली होती, ते मला सुट्टी झाल्यावर कळलं.

आपल्याकडेही तू हाक मारतेस म्हणून बाबा आणि काका अबोला धरूनही शेजारी शेजारी जेवतात. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढवत नसेल तर काकांना वहिनीकरवी बोलाव, पण बोलावणं चुकवू नकोस.

माझी काळजी नको. मी पोटभर जेवते. माझा आवाज बारीक आहे, आणि इस्त्रीवाल्या ताई म्हणतीलच, "आली मोठी मुकादम." म्हणू देत. येत्या सोमवारी, दुपारची घंटा झाली की, हाक मी मारणार आहे.

तुझीच,
धाकटी